वन्संची आच

नाही गं, घाबरू नकोस, बंदच आहे ती शेगडी — हात लाव हवं तर. लाव, लाव. गार आहे ना? आता गारच असते. ठेव पिशवी तिच्यावर खुशाल. पूर्वी तिथे कुणी रुमाल जरी ठेवला ना, तरी तुझ्या सासूबाई अशा ओरडायच्या की खालच्या दुकानातला चष्मेवाला वर येऊन विचारायचा, काय झालं म्हणून. काही झालेलं नसायचं. बस — त्या स्टुलावर नको, त्याला मेण लागलंय, कपड्यांना लागलं की निघत नाही. ही खुर्ची घे. ही त्यांचीच. सुताराकडून पाय कापून घेतलेत तिचे, म्हणजे फळीशी नाक येतं बरोबर. तू उंच आहेस, गुडघे वर येतील, चालवून घे. चहा टाकू? — नको? बरं. घाईत दिसतेस. आल्यापासून खिडकीतून डोकावतेयस. अगं, गाडी कुणी नेत नाही, इथे सगळे तशीच लावतात.

तर सगळं घेऊन ये म्हणाला ढब्बू. तुझ्या नवऱ्याला मी अजून ढब्बूच म्हणते, राग मानू नकोस, मामी आहे मी त्याची, या हातांनी न्हाऊ घातलंय त्याला. आता साहेब झाला. फोनवर मला म्हणतो, ‘मामी, आई आता माझ्याकडेच राहणार, हा विषय संपला.’ विषय संपला! सुरू कधी झाला होता ते तरी सांग म्हणावं. असो. तू कशाला मधे. हा एप्रन घे — धुतलाय मी, तरी मेणाचा वास आहे, तो जात नाही. हा चष्मा, काम करतानाचा. ही उशी, पाठीला लागते त्यांना, गाडीत पण लागते, लक्षात ठेव. हे भाजल्यावरचं मलम, अर्धं आहे, असू दे. हातमोजे नाहीत. हातमोजे त्यांनी कधी घातले नाहीत, घातले की हाताला काही कळत नाही म्हणायच्या. झालं ना? — बंदूक? देते ना. बंदूकपण देते. एवढी काय घाई आहे बंदुकीची.

असा चेहरा नको करूस, खरी बंदूक नव्हे! गरम हवेची. दारांचा जुना रंग काढायला वापरतात ती. ही बघ. केस वाळवायचं यंत्र असतं ना तुमचं, त्याची दांडगी बहीण. इथे आकडे आहेत तिला. वन्सं एकाच्या पुढे कधी गेल्या नाहीत. एकावर ती नुसती गुणगुणते, शेजारी बसलेल्या माणसाला झोप लागेल अशी. मी हातात घेतली की सरळ तीनवर. तीनवर किंचाळते, पार कोपऱ्यावर ऐकू जातं. मग वन्सं मागून यायच्या, आकडा एकावर आणायच्या आणि बंदूक काढून घ्यायच्या माझ्या हातातून. पोराच्या हातातली सुरी काढून घ्यावी तशी. मला काय राग यायचा तेव्हा! — आता कुणी काढून घेत नाही. ठेवली ही पिशवीत. बघ, दिली.

तू कधी वर आलीच नाहीस ना आमचं काम बघायला. नाही, टोमणा नाही मारत. तुम्हाला वेळ कुठे असतो. थोडक्यात सांगते. मधमाश्यांचं मेण घ्यायचं, त्यात थोडी राळ, म्हणजे मेण कडक राहतं, आणि रंगाची पूड. शेगडीवर डबे ठेवायचे, पातळ झालं की ब्रशनं लाकडाच्या फळीवर ओढायचं. पण ब्रश डब्यातून निघून फळीवर टेकेपर्यंत मेण थिजायला लागतं. म्हणजे तो थर खालच्या थरावर नुसता बसून राहतो, दिसतो छान, पण नखानं निघेल. म्हणून दर थराला वरून आच द्यायची — बंदुकीनं — म्हणजे तो वितळून खालच्यात मुरतो. आच कमी पडली तर मुरत नाही, जास्त झाली तर चित्रच वाहून जातं. आणि मधे एक क्षण असतो बघ, मेणावर ओली चकाकी येते, की त्याच क्षणाला बंदूक बाजूला. वन्संना तो क्षण येताना दिसायचा. मला तो दिसतो तोपर्यंत गेलेला असतो. ही भिंतीला टेकवलेली फळी बघतेस? हिरवं-पिवळं ओघळलेलं? तो माझा पराक्रम. गेल्याच आठवड्यातला. तिच्यामागे अजून आहेत, त्या नको बघूस.

चित्र मीच काढते, तसं म्हटलं तर. शाळेत चित्रकला शिकवायचे मी, निवृत्त होईपर्यंत, भांडी आणि केळी काढून घेतली पोरांकडून. वन्संनी आयुष्यात ब्रश धरला नाही. पण मेण घरात आणलं त्यांनी. ढब्बूचे वडील गेले, त्या पोराला घेऊन भावाकडे आल्या, आमच्याकडे — आणि बसून खाणार नाही म्हणाल्या, मागच्या खोलीत मेणबत्त्या करायला लागल्या. मी एक दिवस सहज त्यांच्या पातेल्यात ब्रश बुडवला. ‘वहिनी, माझं मेण नासवलंत,’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘वन्सं, ओरडू नका, ती पेटलेली मेणबत्ती जरा जवळ धरा बघू.’ त्यांनी धरली. तो रंग असा खाली उतरला ना, फळीत, की दोघी वाकून बघतच राहिलो. एरवी आमचं अहो-जाहोच, हे सगळं होईपर्यंत आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. नणंद-भावजय म्हटलं की लोक भांडणंच ऐकायला बसतात, आमची भांडणं व्हायची ती पांढऱ्या रंगावरून. हे गेले तेव्हासुद्धा — हे म्हणजे तुझे मामेसासरे — त्यानंतर आम्ही दोघी इथेच यायचो, घरात बसवायचं नाही म्हणून. त्यांचा भाऊ गेला होता, माझा नवरा, आणि दोघी मिळून एक फळी तापवत बसायचो.

आणि आता हे प्रदर्शन आलंय. मेणात काम करणाऱ्या आजच्या बायकांचं. हसू नकोस, असतात अशा बायका, बऱ्याच आहेत. मागे एकदा सगळ्यांना एकत्र बोलावलं होतं, ओळख म्हणून. जेवताना हात धुवायला गेलो तर प्रत्येकीच्या बोटांना भाजल्याचे डाग — मग काय, लग्नातल्या बांगड्या दाखवाव्यात तसे एकमेकींना दाखवत बसलो. एक आहे ती इस्त्रीनं रंगवते. इस्त्री! घरात नवऱ्याच्या शर्टाला लावत नाही म्हणे, फळीला लावते. एक रंगच घालत नाही, नुसतं मेण, थरावर थर, आणि मग आठवडाभर खरवडत बसते. एक अगदी पोर, तुझ्याएवढी, ती आईच्या साड्यांचे तुकडे मेणात बुडवते, ते मात्र मी दोनदा जाऊन बघितलं. सगळ्या एकेकट्या करतात. मला विचारलं, तुमची पद्धत काय? मी म्हटलं, मला नणंद आहे. हसल्या सगळ्या. मी विनोद नव्हता केला.

ये, दाखवते. ये गं, दोन मिनिटं. फक्त जपून, श्वाससुद्धा लांबून घे. हे. फडकं मीच काढते — तू नको. ... काय दिसतंय? बरोबर. नुकतीच पुसलेली फरशी. दुसरं काही नाही. दारातून उजेड आलाय आणि फरशी ओली आहे, वाळतेय कडेकडेनं. आणि ही पावलं. कुणीतरी ओल्या फरशीवरून गेलंय, न थांबता. हो — त्यांचीच. आयुष्यभर मी फरशी पुसली की या बाई नेमक्या तेव्हाच स्वयंपाकघरात जाणार, शपथ घेतल्यासारख्या. खालचं सगळं त्यांनी मुरवलंय, ती फरशी, तो उजेड, हात फिरव तिथे, दगडासारखी आहे. पावलं मात्र नंतरची. पावलं मी त्या तुमच्याकडे गेल्यावर काढली. तो थर वर नुसता बसलाय. फुंकर मारलीस जोरात तरी टाच निघून येईल. आणि उद्या सकाळी गाडी येतेय हे न्यायला. प्रदर्शनवाल्या बाईंना मी सांगितलंय, तयार आहे. सांगायचंच असतं. वाटेत एक खड्डा लागला की पावलांचा चुरा होऊन खाली पेटीत पडेल, आणि तिथे पोचेल ती नुसती फरशी.

मीच दिली असती आच. कितीदा बंदूक हातात घेतली. ती ओघळलेली फळी बघितलीस ना? हे तसं झालं तर पावलं जातील वाहून. आणि सही पण राहिलीय. आम्ही नाव नाही घालत, शेवटची आच दिली की मेण कोमट असतं तेवढ्यात कोपऱ्यात दोघींचे अंगठे दाबतो. शेजारी शेजारी. त्यांचा मोठा आहे. मी एकटीनं कुठे दाबू?

मी म्हणत नाही की ढब्बू चुकलाय. आईचा हात भाजला, पडदा पेटला, कुठलाही मुलगा हेच करेल. चष्मेवाला धावत वर आला म्हणून बरं. पण ते झालं कसं सांगू? त्या दिवशी त्या एकट्याच आल्या. किल्ली त्यांच्याकडेही असते. मी दातवाल्याकडे होते, तोंड उघडून. आणि या बाई नाक घरी ठेवून इथे कामाला बसल्या. शेगडीवर फडकं राहिलं, ते करपायला लागलं, तरी यांना पत्ता नाही. आता वासच येत नसेल माणसाला तर —

काय?

नाही, म्हणजे — सर्दी झाली होती त्यांना. त्या दिवशी. ... अगं, असं बघू नकोस माझ्याकडे. तुला माहीत नव्हतं? ढब्बूलाही? मला वाटलं एव्हाना सांगितलं असेल त्यांनी. झालं. बोलून बसले. मला कुणी बंद करणारं नाही ना आता, एकावर आणणारं, मग हे असं होतं.

हो. अजिबात येत नाही. मागे तो मोठा ताप आला होता ना, तेव्हा वास गेला तो परत आलाच नाही. कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. पिवळ्याचा डबा यांच्या नाकाखाली जळत होता आणि या गुणगुणतायत, तेव्हा मला कळलं. या कामात नाक आधी लागतं गं, मेण जास्त तापलं की आधी वास, मग धूर. ‘वहिनी, ढब्बूला कळलं तर मला इथे येऊ देणार नाही,’ म्हणाल्या. एवढंच. रडल्या बिडल्या नाहीत. मग मी त्यांच्या बाजूला उभी राहायला लागले. त्या बघायच्या, मी हुंगायची. वास आला की मी ‘थांब!’ म्हणायची — अहो-जाहो करायला वेळ कुठला तिथे — आणि त्या थांबायच्या. दोघींची मिळून एक धड बाई होत होती. आणि सांगते, सगळ्यात चांगली चित्रं त्याच दिवसांतली आहेत. हुंगत उभं राहून माझे पाय भरून यायचे, वय माझंही झालंय, पण कधी चुकले नाही. एकदाही नाही.

ढब्बूला सांगू नकोस. नाही — सांग. सांगायलाच हवं, तुमच्या घरात गॅस आहे. मलाच कळत नाही काय सांगावं. ... का गं? काय झालं? डोळ्यांत पाणी का आलं तुझ्या? — दूध? — काल? आणि पातेलं जळेपर्यंत शेजारी बसून होत्या? मग तू काय म्हणालीस त्यांना? ... हं. आणि त्यांनी काय केलं? घासून ठेवलं असेल पातेलं, आरशासारखं. बरोबर ओळखलं की नाही? रडू नकोस, तुला कसं कळणार, त्यांनी कळू दिलं नाही. मला कळायलासुद्धा डबा जळावा लागला. डोळे पूस. एप्रन घे तोच, पूस त्याला. असू दे वास.

खरं सांगू का तुला. मी थकलेय. सकाळी येते, कुलूप काढते, डबे पुसते, त्या फळीवरचं फडकं काढते, बघते, परत घालते, आणि कुलूप लावून घरी जाते. घरी कुणी विचारायला नाही, आज काय केलंत म्हणून. रोज वाटतं, आज फोन करीन, आणि करत नाही, कारण त्या तिकडून ‘मी मजेत आहे वहिनी’ म्हणतील आणि मी ‘मीपण’ म्हणेन, आणि मग फोन ठेवायचा. चित्र बिघडलं तर बिघडलं, त्याचं एवढं नाही. मला वन्सं हव्यात. बस, एवढंच आहे ते. ते चित्र पण मी मुद्दाम तसं ठेवलंय असं म्हण हवं तर. शेवटचा थर राहिलाय म्हटल्यावर त्या कुठेही असल्या तरी येतील असं वाटलं. पण त्यांना सांगणार कोण? तुला बघितलं दारात आणि म्हटलं, हिला सांगावं. आणि मग तू पिशवी पुढे केलीस.

... काय म्हणालीस?

खाली? कोण खाली? — गाडीत? आल्यापासून? अगं, मग तू इतका वेळ — म्हणजे ते खिडकीतून सारखं — आणि मला बिनधास्त सांगतेस, चहा नको, घाई आहे! वर का नाही आल्या? गुडघे? मला नको सांगूस गुडघे, माझ्यापेक्षा धडधाकट आहेत त्यांचे. खरं सांग. ... असं म्हणाल्या? ‘वर गेले तर खाली उतरवणार नाही माझ्याच्यानं’? याच शब्दांत?

सरक. सरक जरा, बघू दे. ... ती निळी? काच खाली आहे. हात बाहेर काढून बसल्यात, डावा. भाजल्याचा डाग राहणार बहुतेक. उन्हात कशाला धरायचा तो. — नाही, हाक नाही मारणार. मी हाक मारली तर त्या काच वर करतील, ओळखते मी त्यांना, त्या घराण्यात वाकणं माहीत नाही कुणाला. शेगडी पेटवली असती, मेणाचा वास गेला असता खाली — पण कुणाला? चष्मेवाल्याला. त्याचं काय करू मी.

कान मात्र ठणठणीत आहेत. हो ना? टीव्ही बारीक आवाजात बघतात अजून? — झालं तर मग. दे ती बंदूक. पिशवीतून काढ, दे इकडे. खिडकी पूर्ण उघड. दोन्ही दारं, हं, अडकव ती कडी. प्लग कुठाय, हा इथे. — अगं, चित्रावर नाही धरत, वेडी आहे का मी! ही कोरी फळी आहे. पण खाली कुणाला कळतंय कशावर धरलीय ते. खाली फक्त आवाज जाणार. फरशीचं चित्र अर्धं ठेवून गेल्यात त्या, आणि माझा हात कसा आहे तेही त्यांना माहीत आहे.

तीनवर. — बघ, किंचाळली! मोठ्यानं बोल, मला ऐकू येत नाही. — नाही, सांगू नकोस, मला काही सांगू नकोस, मी बघतच नाहीये खिडकीकडे. ढब्बूचं नंतर बघू, मी बोलेन त्याच्याशी, विषय संपला म्हणावं. दार वाजलं का गाडीचं? — नको, सांगू नकोस म्हटलं ना. तू जा आता. पिशवी राहू दे इथेच. आणि हे बघ, जिन्यात थांबू नकोस, अरुंद आहे तो, येणाऱ्याची वाट अडते. जा.